मोटर किती एचपीची घ्यायची? बॅरल, ब्लोअर आणि सँड मिक्सरचा पूर्ण हिशेब

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या फाउंड्रीत मोटर जळली की बदलीचा एक सोपा नियम ठरलेला आहे: साडेसातची जळली तर दहाची बसवा. पुष्कळदा दहाचीही जळते. कारण जळण्याचा संबंध चालतानाच्या लोडशी बहुधा नसतो. मोटर उठतानाच अडकलेली असते, किंवा वेग घ्यायला तिला इतका वेळ लागतो की तेवढ्यात वाइंडिंग तापून जातं. मोठी मोटर घेतली तर केबल, स्टार्टर, मंजूर भार आणि त्यावरचा स्थिर आकार सगळंच वाढतं. मूळ दुखणं मात्र तसंच राहतं.

म्हणून एचपीचा आकडा सगळ्यात शेवटी काढायचा. त्याआधी चार गोष्टी लागतात: यंत्राच्या शाफ्टवर चालताना किती टॉर्क (फिरवायचा जोर) लागतो, जागेवरून हलवायला किती लागतो, फिरणाऱ्या भागांचं जडत्व किती, आणि मोटरच्या टर्मिनलवर सुरू होण्याच्या क्षणी खरोखर किती व्होल्ट येतात. चौथी गोष्ट आपल्या भागात सगळ्यात जास्त विसरली जाते.

लागणारी सूत्रं

टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये आणि वेग आरपीएममध्ये असेल तर

किलोवॅट = टॉर्क × आरपीएम ÷ ९५५०

१ एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट. मोटरच्या पाटीवरचे किलोवॅट शाफ्टवर मिळणारे असतात, लाइनमधून ओढले जाणारे नव्हे. ५.५ किलोवॅटची (साडेसात एचपी) मोटर पूर्ण लोडवर लाइनमधून सव्वासहा किलोवॅटच्या आसपास घेते. ४१५ व्होल्टवर तिचा करंट साधारण १०.४ अँपिअर. ४ पोलची मोटर लोडवर १४४० ते १४७० ने फिरते, ६ पोलची ९६० च्या आसपास, २ पोलची २९०० च्या वर.

वेग घ्यायला लागणारा वेळ:

सेकंद = जडत्व × आरपीएम ÷ (९.५५ × उरलेला टॉर्क)

जडत्व किलोग्रॅम-मीटर वर्गात. ‘उरलेला टॉर्क’ म्हणजे मोटर देते त्यातून यंत्र खातं ते वजा केल्यावर जे हाती राहतं ते. गिअरबॉक्स किंवा पट्ट्यापलीकडचं जडत्व मोटरच्या बाजूला आणताना वेगाच्या गुणोत्तराच्या वर्गाने भागायचं. हा वर्ग पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

जुनं यंत्र चालू असेल तर आधी मोजा

नुसता क्लॅम्प मीटर फसवतो. ५.५ किलोवॅटची मोटर रिकामी फिरली तरी चार-साडेचार अँपिअर घेते, कारण तो मॅग्नेटायझिंगचा करंट असतो. त्यामुळे ६.५ अँपिअर दिसले म्हणजे ६० टक्के लोड आहे असं धरू नका. खरा लोड निम्म्याच्या आसपास असतो. किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर दाखवणारा क्लॅम्प मीटर मिळवा. तो नसेल तर एनर्जी मीटरची लाल लुकलुक मोजा. मीटरवर एका युनिटला किती इम्पल्स ते छापलेलं असतं. समजा ८०० आहे. बाकी सगळं बंद ठेवून फक्त ते यंत्र चालवलं आणि एका मिनिटात ६० वेळा लुकलुकलं, तर ६० × ६० ÷ ८०० = ४.५ किलोवॅट लाइनमधून जातंय. त्याला मोटरच्या कार्यक्षमतेने, म्हणजे ०.८५ ने गुणलं की शाफ्टवर ३.८ किलोवॅट. मीटर सीटीवर (करंट ट्रान्सफॉर्मरवर) चालणारा असेल तर आलेल्या आकड्याला सीटीच्या गुणोत्तराने गुणायचं की नाही ते आधी पाहा. गुणोत्तर मीटरमध्येच भरलेलं असेल तर गरज नसते.

हे मोजमाप पूर्ण भरलेल्या यंत्रावर आणि कामाच्या सगळ्यात जड वेळी घ्या. सकाळी नऊला रिकाम्या यंत्रावर घेतलेल्या आकड्याचा काही उपयोग नाही.

जागेवरून हलवायचा टॉर्क मोजायला चेन ब्लॉक आणि लटकता वजनकाटा पुरतो. मेन स्विच काढून कुलूप लावा, गिअरबॉक्स सोडवा, ड्रमवर दोर गुंडाळा आणि काट्यातून ओढा. ड्रम सुटतो त्या क्षणाचे किलो × ९.८१ × ड्रमची त्रिज्या मीटरमध्ये, हा तुमचा टॉर्क. भरलेलं ड्रम ओढून सोडलं की झोपाळ्यासारखं उलट येतं. दोराच्या रेषेत आणि ड्रमसमोर कोणी उभं राहायचं नाही.

पहिलं उदाहरण: फेटलिंगचं (कास्टिंग साफ करायचं) टंबलिंग बॅरल

आतला व्यास ९०० मिलिमीटर, लांबी १५०० मिलिमीटर, रिकामं वजन ७०० किलो, आत ९०० किलो कास्टिंग आणि स्टार (घासणीचे चांदणीच्या आकाराचे तुकडे), म्हणजे बॅरल अर्धं भरलेलं. वेग ३० आरपीएम.

वेग आधी तपासू. ४२.३ ला व्यासाच्या (मीटरमध्ये) वर्गमुळाने भागलं की ज्या वेगाला माल भिंतीला चिकटून फिरतो तो वेग मिळतो. इथे तो ४४.६. आपले ३० म्हणजे त्याच्या ६७ टक्के, ठीक आहे. काही जण लवकर साफ व्हावं म्हणून पुली बदलून ४० वर नेतात. मग माल घासायचा बंद होतो आणि आदळायला लागतो, कास्टिंगच्या कडा फुटतात.

अर्ध्या भरलेल्या गोल ड्रममध्ये मालाचा गुरुत्वमध्य केंद्रापासून त्रिज्येच्या ०.४२४ पट खाली असतो. म्हणजे ०.४५ × ०.४२४ = ०.१९१ मीटर. चालताना माल साधारण ४० अंशांना तिरका राहतो (साइन ०.६४३).

टॉर्क = ९०० × ९.८१ × ०.१९१ × ०.६४३ = १०८४ न्यूटन-मीटर

बुश बेअरिंगचं घर्षण: १६०० किलोचं वजन, घर्षणाचा गुणक ०.१, जर्नलची त्रिज्या ४० मिलिमीटर, तर ६३ न्यूटन-मीटर. एकूण ११४७. त्याचे ३० आरपीएमला ३.६ किलोवॅट होतात.

आता मोटर आणि बॅरलच्या मधलं सगळं. व्ही-बेल्ट २.४ पट आणि वर्म गिअरबॉक्स २० पट मिळून ४८ पट. पट्ट्याची कार्यक्षमता ०.९५, वर्मची चालताना ०.८०. ३.६ ÷ ०.७६ = ४.७४ किलोवॅट. पुढचा उपलब्ध आकडा ५.५ किलोवॅट, हाताशी १६ टक्के. चालण्यापुरतं हे व्यवस्थित.

अडचण उठताना येते. कास्टिंग एकमेकांत अडकली असतील तर माल ४० अंशांना घसरत नाही, पार ९० अंशांपर्यंत ड्रमबरोबर वर जातो. ९०० × ९.८१ × ०.१९१ = १६८६. स्थिर घर्षण ०.१५ धरून ९४. एकूण १७८० न्यूटन-मीटर. (अर्ध्या मीटरला जेमतेम कमी त्रिज्येवर हे जवळपास ४०० किलोचं ओढणं आहे, मघाच्या काट्याच्या प्रयोगात हाच आकडा यायला हवा.) ४८ ने भागलं की ३७. वर्म गिअर जागेवरून सुटताना ०.६० नेच चालतो, त्यामुळे ३७ ÷ (०.९५ × ०.६०) = ६५ न्यूटन-मीटर मोटरच्या शाफ्टवर लागतात.

५.५ किलोवॅटच्या मोटरचा पूर्ण लोडचा टॉर्क ३६.५. म्हणजे उठायला तिच्या १७८ टक्के लागतात. डायरेक्ट ऑनलाइन स्टार्टरवर (मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज देणाऱ्या) ४१५ व्होल्टला अशी मोटर २२० टक्के देते. उठेल. पण टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने पडतो. टर्मिनलला ३७० व्होल्ट आले की २२० चे १७५ होतात आणि मोटर काठावर येते. दिवसा उठणारं बॅरल संध्याकाळी उठत नाही, यामागे हेच असतं.

स्टार-डेल्टा लावला की काय होतं

साडेसात एचपीच्या वर स्टार-डेल्टा (आधी वाइंडिंगला कमी व्होल्टेज देणाऱ्या स्टार जोडणीत सुरू करून मग पूर्ण व्होल्टेजच्या डेल्टात टाकणारा स्टार्टर), ही आपल्याकडची सरधोपट समजूत. स्टारमध्ये करंट एक तृतीयांश होतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. टॉर्कही एक तृतीयांश होतो, हे कोणी मोजत नाही. वरच्या मोटरचा २२० टक्क्यांचा ७३ टक्के होतो, म्हणजे २६.८ न्यूटन-मीटर. बॅरलवर त्याचे ७३३ पोहोचतात, त्यातले ९४ बेअरिंग खाते. उरलेल्या ६३९ मध्ये माल साधारण २२ अंश वर जातो आणि तिथेच लटकतो. मोटर गुरगुरत राहते. सहा-आठ सेकंदांनी टायमर डेल्टाला टाकतो आणि थांबलेल्या मोटरला पूर्ण धक्का बसतो. एकदा करंट वाचवला, मग तोच दामदुप्पट ओढला. कॉन्टॅक्टरचे पॉइंट आणि वर्मच्या ब्राँझच्या चाकाचे दात याच धक्क्याने जातात.

सॉफ्ट स्टार्टरही इथे कामाचा नाही, तो व्होल्टेजच कमी करतो. व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून वेग बदलणारा ड्राइव्ह) चालेल, पण हेवी ड्यूटीचा ड्राइव्ह मोटरच्या रेटेड टॉर्कच्या साधारण १५० टक्के देतो, तोही मिनिटभरच. ५.५ च्या मोटरवर ते ५५ न्यूटन-मीटर होतात, आपल्याला ६५ हवेत. त्यामुळे व्हीएफडीसोबत वर्म ठेवायचा असेल तर मोटर आणि ड्राइव्ह दोन्ही ७.५ किलोवॅटचे घ्या.

आमच्या मते इथे पैसा मोटरवर घालण्यापेक्षा गिअरबॉक्सवर घालावा. हेलिकल घेतला तर चालतानाची कार्यक्षमता ०.९५ आणि सुटतानाची ०.९२ धरता येते. चालायला ४ किलोवॅट, उठायला ४२ न्यूटन-मीटर. तीच ५.५ ची मोटर आता ११६ टक्क्यांवर उठते, व्होल्टेज ३४० वर आलं तरी. शिवाय शाफ्टवर पाऊण किलोवॅट वाचतो, आठ तासांच्या पाळीत किमान सहा युनिटं. एक गोष्ट मात्र सांभाळा: वर्म बॅरलच्या उलट फिरण्याला बराच विरोध करतो, हेलिकल करत नाही. माल काढताना बॅरल अडवायला ब्रेक किंवा खिटी हवीच. गिअरबॉक्स निवडताना आउटपुट टॉर्क ११४७ वर नाही, १८०० वर बघा.

जडत्व इथे नगण्य आहे. ड्रम आणि माल मिळून २३३ किलोग्रॅम-मीटर वर्ग वाटतं मोठं, पण ४८ च्या वर्गाने, म्हणजे २३०४ ने भागलं की ०.१ उरतं. बॅरल अर्ध्या सेकंदात वेग घेतं. हळू फिरणाऱ्या जड यंत्राची हीच गंमत आहे, दिसायला अजस्र आणि वेग घ्यायला हलकं.

दुसरं उदाहरण: क्युपोलाचा (लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीचा) ब्लोअर

इथे उलट. हवा मिनिटाला ६० घनमीटर, दाब १००० मिलिमीटर पाणी, २ पोलच्या मोटरला थेट जोडलेला. हवेची शक्ती १ × ९८१० = ९.८१ किलोवॅट. ब्लोअरची कार्यक्षमता ०.६० धरली तर १६.३५. मोटर १८.५ किलोवॅट (२५ एचपी), टॉर्क ६०.३ न्यूटन-मीटर. चालण्याचा प्रश्न मिटला.

इम्पेलर ६० किलो, व्यास ९०० मिलिमीटर, वजन सरासरी ०.३० मीटर त्रिज्येवर धरलं तर जडत्व ५.४, मोटरचा रोटर धरून साधारण ५.५. मधे गिअर नाही, त्यामुळे भागाकार नाही. डायरेक्ट स्टार्टमध्ये मोटरचा सरासरी टॉर्क ११५ धरा. डॅम्पर (हवा अडवायची झडप) उघडा असेल तर हवा सरासरी १८ खाते, उरतात ९७.

५.५ × २९३० ÷ (९.५५ × ९७) = १७ सेकंद

क्लास १० चा ओव्हरलोड रिले सातपट करंटवर दहा सेकंदांच्या आत सुटतो. म्हणून ब्लोअर रोज सुरू होताना ट्रिप होतो, मग कोणीतरी रिलेची सेटिंग वाढवतो किंवा सुरू होताना रिले बायपास करतो, आणि एक दिवस एक फेज गेलेला असताना मोटर जळते. रिलेचा क्लास २० किंवा ३० घेणं हा उपाय, पण मोटर उत्पादकाकडून तिचा ‘लॉक्ड रोटर’ वेळ (अडकलेली मोटर पूर्ण करंटवर न जळता किती टिकते तो) विचारूनच. गरम मोटरचा तो वेळ १७ सेकंदांपेक्षा कमी असेल तर मोठा क्लास म्हणजे वाइंडिंग जाळायची परवानगी.

स्टार-डेल्टावर, डॅम्पर बंद ठेवूनही, स्टारमध्ये पूर्ण वेगाला ५६ सेकंद लागतात. टायमर आठ सेकंदांवर असतो. तेव्हा इम्पेलर जेमतेम सातव्या हिश्श्याच्या वेगाला आलेला असतो, म्हणजे खरं सुरू होणं डेल्टातच होतं.

मोठी मोटर? स्थिर अवस्थेतून या वेगाला नेताना रोटरमध्ये किमान तेवढीच उष्णता तयार होते जेवढी फिरणाऱ्या भागात ऊर्जा साठते. इथे ती २५९ किलोज्यूल. मोटर २५ एचपीची घ्या की ४० ची, या आकड्यात फरक पडत नाही, फक्त मोठ्या रोटरमध्ये ती पसरायला जास्त धातू असतो. व्हीएफडीवर मात्र फ्रिक्वेन्सी हळूहळू वाढते, स्लिप (फिरत्या चुंबकीय क्षेत्रापेक्षा रोटर मागे पडतो तो फरक) कमी राहते आणि ही उष्णता फारच थोडी होते. डॅम्पर बंद ठेवून ४० सेकंदांचा रॅम्प ठेवला तर करंट रेटेडच्या आसपासच राहतो. नव्या ब्लोअरसाठी आम्ही दुसरा पर्याय सुचवणार नाही. वेग ९० टक्के केला की लागणारी शक्ती ७३ टक्के होते, ही वरकड कमाई.

सरळ पात्यांच्या ब्लोअरमध्ये हवा वाढली की लोड वाढतो. क्युपोला रिकामा असताना डॅम्पर सताड उघडा ठेवून चाचणी घेतली तर करंट वाजवीपेक्षा वर जातो. मोटर लहान पडली असा निष्कर्ष काढू नका, डॅम्पर आवळा. दुसरं, बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. मोटरला १००० मीटरपर्यंत काही सूट द्यावी लागत नाही, पण हवा सुमारे ८ टक्के विरळ असते. कॅटलॉगमधला दाब समुद्रसपाटीचा असेल तर इथे तेवढाच कमी मिळेल.

जुनी मोटर काढून आयई३ (जास्त कार्यक्षमतेच्या वर्गातली) बसवताना एक बारीक फरक लक्षात ठेवा. या मोटरची स्लिप कमी, म्हणून वेग थोडा जास्त. ४ पोलच्या पंख्यावर १४४० चे १४६० झाले तरी शक्ती ४ टक्क्यांनी वाढते. सुरुवातीचा करंटही जुन्या मोटरपेक्षा चढा असतो, एमसीसीबी (मुख्य ब्रेकर) त्याप्रमाणे बघा.

सँड मिक्सर: चढउताराचा लोड

पाच मिनिटांची एक घाणी समजा. तीन मिनिटं १४ किलोवॅट, माल सोडताना अर्धा मिनिट २०, दीड मिनिट रिकामं फिरताना ४. शिखर बघून २२ किलोवॅटची मोटर घेण्याची चूक इथे सर्रास होते. प्रत्येक आकड्याचा वर्ग करून वेळेने गुणा: ५८८, २००, २४. बेरीज ८१२, पाचाने भागून १६२.४, वर्गमूळ १२.७. मोटर १५ किलोवॅट पुरते. २० चं शिखर तिच्या १३३ टक्के आहे, अर्धा मिनिट ती सहज सोसते. व्होल्टेज पडल्यावरही मोटरचा कमाल टॉर्क शिखराच्या वर राहतो का, एवढं तपासा. २३० टक्के कमाल असेल तर ३५० व्होल्टला १६४ उरतो, चालेल.

मिक्सर भरलेला असताना वीज गेली तर? ओली वाळू दबून बसते आणि पुन्हा उठायला चालण्याच्या दुपटीहून जास्त टॉर्क मागू शकते. खानापूरकडच्या वीट-कौलांच्या पगमिलमध्ये (माती मळायच्या यंत्रात) हे आणखी कठीण, रात्रभर राहिलेली माती कडेने वाळून पात्यांना धरते. अशा यंत्रांना मोटर मोठी करण्यापेक्षा फ्लुइड कपलिंग (मोटर आणि यंत्र तेलातून जोडणारं, मोटरला आधी वेग घेऊ देणारं) घाला किंवा थांबवताना रिकामं करण्याची शिस्त लावा. निपाणी, चिकोडी भागातल्या गुऱ्हाळावरचा चरक मात्र रिकामाच सुरू होतो. तिथे लोड ऊस घालणाऱ्याच्या हातात आहे, मोळी जाड गेली की झटका बसतो. सपाट पट्टा घसरतो तो त्या चरकाचा फ्यूजच आहे. चिकट पावडर टाकून किंवा पट्टा वाजवीपेक्षा ताणून तो फ्यूज काढू नका, नाहीतर गिअरचा दात तरी जाईल किंवा शाफ्ट पिळवटेल.

लाइनचा व्होल्टेज

मोजायचा तो मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये, मोटर उठत असताना, मीटर ‘मिन’ वर लावून. पॅनेलवरचा व्होल्टमीटर हे सांगत नाही. उघड्या बॉक्समध्ये हात घालायचा नाही: वीज बंद असताना लीड बांधून बाहेर काढा, झाकण लावा, मग सुरू करा.

गावातल्या ६३ केव्हीए ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण करंट ८८ अँपिअर. वरची १८.५ किलोवॅटची मोटर डायरेक्ट सुरू केली तर सातपटीने २२५ अँपिअर मागते, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या अडीच पट. साडेचार टक्के इम्पीडन्सच्या ट्रान्सफॉर्मरमध्येच साधारण ११ टक्के व्होल्टेज पडतो, पुढे लाइन आणि केबलचा वेगळा. आधीच ३९० असलेला व्होल्टेज ३४० च्या खाली जाईल आणि टॉर्क दोन तृतीयांशावर येईल. ट्रान्सफॉर्मर दुसऱ्यांच्या पंपांसोबत वाटून घेतलेला असेल तर त्या पंपांचे रिलेही सुटतात. अथणी, रायबाग किंवा हुक्केरी भागात फिडरच्या टोकाला यंत्र बसवणार असाल तर आठवडाभर वेगवेगळ्या वेळी तीनही फेजमधला व्होल्टेज लिहून ठेवा आणि हिशेब त्यातल्या सगळ्यात खालच्या आकड्यावर करा.

फेजमधला असमतोल हा त्याहून लपून बसणारा. तीन व्होल्टेजच्या सरासरीपासून सगळ्यात दूरचा आकडा किती टक्के दूर, ते काढा. १ टक्का असमतोल असेल तर करंटमध्ये त्याच्या सहा ते दहा पट दिसतो. ३ टक्के असेल तर मोटरची क्षमता साधारण १० टक्क्यांनी कमी धरा. त्याच्या पुढे असेल तर हेस्कॉमकडे (वीज वितरण कंपनीकडे) किंवा हुक्केरी तालुक्यात तिथल्या वीज सहकारी संस्थेकडे लेखी कळवून आधी लाइन दुरुस्त करून घ्या. असमतोल तसाच ठेवून मोठी मोटर बसवणं हा खर्च दोनदा करण्याचा प्रकार आहे.

पाटीवरच्या बाकीच्या गोष्टी

अँबियंट (भोवतालचं तापमान) ४०, ४५ की ५० ते वाचा. भट्टीजवळ ५० हवंच. इन्सुलेशन क्लास एफ आणि तापमानवाढ क्लास बी, असा जोड मागा. धुळीसाठी आणि खानापूरच्या पावसासाठी आयपी ५५. पावसाळ्यात महिनोन्‌महिने बंद राहणारी मोटर असेल तर स्पेस हीटर. निपाणीच्या तंबाखू वखारीतला भुकटा असो की फाउंड्रीची वाळू, मोटरच्या फिन बुजल्या की पंखा असून नसल्यासारखा. दर आठवड्याला हवा मारा, पंख्याच्या झाकणाकडून.

व्हीएफडीवर मोटर २५ हर्ट्झच्या खाली पूर्ण टॉर्कने बराच वेळ चालवायची असेल तर तिच्या शाफ्टवरचा पंखा पुरत नाही, वेगळी मोटर असलेला पंखा मागच्या बाजूला लागतो.

फ्रेम जुळते का ते ऑर्डरआधी पाहा. ४ पोलची ५.५ आणि ७.५ किलोवॅट दोन्ही १३२ फ्रेमच्या, शाफ्ट ३८ मिलिमीटर. ११ आणि १५ च्या १६० फ्रेमला शाफ्ट ४२. ६ पोलची ७.५ मात्र १६० फ्रेममध्ये जाते, म्हणजे पोल बदलले की पाया आणि पुली दोन्ही बदलले. पुली फार लहान घेऊ नका. ५.५ किलोवॅटला १५० आणि ३६० मिलिमीटरच्या पुल्या, बी सेक्शनचे तीन पट्टे पुरेत. पुली शाफ्टच्या खांद्यापर्यंत आत सारून बसवा. बाहेर लोंबती ठेवली तर पुढचं बेअरिंग वर्ष काढत नाही.

बसवल्यानंतर पहिल्या दिवशी

लाइन सोडवून ५०० व्होल्ट मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) वाइंडिंग ते बॉडी तपासा. नव्या कोरड्या मोटरला कित्येक मेगाओहम दिसतात, १ च्या खाली असेल तर सुरू करू नका, आधी वाळवा. पट्टा न घालता रिकामी फिरवून दिशा आणि तिन्ही फेजचा करंट लिहा.

रिलेची सेटिंग पाटीवरच्या करंटइतकी, त्याहून जास्त नाही. स्टार-डेल्टामध्ये रिले मोटरच्या वाइंडिंगच्या वाटेत असेल तर सेटिंग पाटीच्या ०.५८ पट हवी. १०.४ अँपिअरच्या मोटरला ६. इथे १०.४ ठेवलेले कित्येक पॅनेल सापडतात, आणि तसा रिले मोटर जळेपर्यंत गप्प राहतो.

मग यंत्र पूर्ण भरा आणि सुरू करून सेकंद मोजा. हिशेबात अर्धा सेकंद आला होता आणि बॅरल चार घेत असेल, तर गिअरबॉक्समधलं तेल, बुशची अलाइनमेंट किंवा व्होल्टेज यांतलं एक काहीतरी बिघडलेलं आहे. दोन तास चालवून बॉडीचं तापमान आणि तिन्ही करंट पुन्हा घ्या. रिकामी असतानाचा करंट, भरलेली असतानाचा करंट, उठतानाचा किमान व्होल्टेज आणि वेग घ्यायला लागलेले सेकंद, हे चार आकडे तारखेसह पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा.